न्हाणीघरांतील तोटी : तिचा इतिहास व तिची पारख



गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या घरीं न्हाणीघराची दुरुस्ती निघाली. तिचें कारण सांगण्यास मला थोडा संकोच वाटतो. पण आजचा विषय त्यांतूनच निघाला असल्यामुळें तें सांगणें भाग आहे. तीन वर्षांपूर्वीं मीं स्वतः पसंत करून आणलेली एक झगझगीत तोटी एके रात्रीं, कोणीहि हात लावला नसतांना, मुळाशीं मोडून पडली. पहांटे माणसें जागीं होईपर्यंत गच्चीवरील टाकींतलें बहुतेक पाणी न्हाणीघराचा उंबरा ओलांडून वाहून गेलें, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या दिवाणखान्याचें छत भिजलें. ते गृहस्थ अत्यंत सज्जन. एक शब्दहि बोलले नाहींत. पण त्यांच्या मुलीचें लग्न पंधरा दिवसांवर आलें होतें, घराला नुकताच रंग दिलेला होता, आणि छतावरचा तो पिवळा डाग पाहून मला जी शरम वाटली ती अडतीस वर्षांच्या मास्तरकींत क्वचितच वाटली असेल.

प्लंबरनें मोडलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला व म्हणाला, "गुरुजी, हिच्यांत पितळ कुठाय? जस्ताची आहे ही. वर नुसता मुलामा." पाहतों तों खरेंच. बाहेरून आरशासारखी लखलखीत, आणि आंतून राखाडी, दाणेदार, भुसभुशीत! दुकानदारानें ती देतांना जें काय सांगितलें होतें तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. चूक माझी होती; मीं फक्त चकाकी पाहिली.

मी मुलांना आयुष्यभर इतिहास शिकविला. राजघराणीं, लढाया, तह आणि सनावळ्या. परंतु दिवसांतून पन्नास वेळां ज्या वस्तूला आपला हात लागतो तिचा इतिहास मला ठाऊक नव्हता. चांगली तोटी कशी ओळखावी, हा प्रश्न माझ्याआधीं कोणाला पडला होता काय, हें शोधूं लागलों, आणि शोधतां शोधतां थेट रोमला जाऊन पोंचलों.

इसवी सन ९७ मध्यें सम्राट नर्व्हा यानें सेक्स्टस ज्युलियस फ्रॉण्टिनस नांवाच्या एका मातबर गृहस्थाला रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी नेमलें. हा मनुष्य पूर्वीं ब्रिटनचा सुभेदार होता. सैन्याच्या डावपेंचांवर त्यानें ग्रंथ लिहिला होता. असा मनुष्य पाण्याच्या खात्यावर आल्यावर आपल्याकडे बहुधा हाताखालच्या कारकुनावर काम सोंपवून स्वस्थ बसला असता. यानें तसें केलें नाहीं. हाताखालच्या माणसांच्या सांगण्यावर अवलंबून राहणें अधिकाऱ्याला लाजिरवाणें आहे असें त्याचें मत होतें. म्हणून तो स्वतः सगळे जलमार्ग पाहून आला, मोजमाप केलें, आणि जें आढळलें त्याचें एक पुस्तक लिहून ठेवलें. सुदैवानें तें टिकलें. त्याची एक जुनी प्रत इटलींतील माँटे कॅसिनोच्या मठांत पडून होती. ती पोज्जो नांवाच्या पंडितानें १४२९ सालीं उजेडांत आणली.

त्या वेळीं रोमला नऊ जलमार्गांनीं पाणी येत असे. मोठ्या हौदांतून तें शिशाच्या नळ्यांनीं घरोघर, स्नानगृहांत व कारंज्यांत जाई. ज्या नागरिकाला पाणी घेण्याचा परवाना मिळे त्याच्यासाठीं हौदाच्या भिंतींत एक ठराविक मापाचें तोंड बसवीत. त्याला लॅटिन भाषेंत कॅलिक्स म्हणत. मोजणीचें मीटर तेव्हां नव्हतें. तोंडाचें भोंक जेवढें मोठें, तेवढें पाणी मिळणार. अशीं पंचवीस मापें ठरलेलीं होतीं, त्यांपैकीं पंधरा प्रत्यक्ष वापरांत होतीं. हें तोंड कांशाचेंच असलें पाहिजे, आणि त्याची लांबी निदान बारा बोटें असली पाहिजे, असा नियम. कांसेंच कां? फ्रॉण्टिनस कारण देतो: कांसें कठीण असतें, तें सहजासहजीं वांकवितां, रुंदावितां किंवा आवळतां येत नाहीं. शिसें मऊ, रात्रीं कोणी त्यांत खुंटी ठोकली तर भोंक मोठें होऊन सकाळीं दीडपट पाणी! एवढ्यावरहि न थांबतां त्या तोंडावर सरकारी शिक्का मारावा लागे, आणि त्याच्यापुढील पन्नास पावलांच्या मापापर्यंत नळीहि तोंडाच्याच व्यासाची ठेवावी, अशी तेथील सेनेटची आज्ञा होती.

आणि तरीसुद्धां चोऱ्या चालतच. फ्रॉण्टिनसला शिक्का नसलेलीं तोंडें सांपडलीं. शिक्का आहे पण माप भलतेंच, अशीं सांपडलीं. तोंड बरोबर, पण नळी लगेच दुप्पट रुंद केलेली, अशीं सांपडलीं. रस्त्यांच्या फरसबंदीखालून मुख्य नळीला जागोजाग छिद्रें पाडून बाजूच्या दुकानांना चोरून पाणी देण्याचा तर एक स्वतंत्र धंदाच होता, आणि छिद्रें पाडणाऱ्या कामगाराला त्यावरून एक हुद्दाच मिळाला होता! असल्या बेकायदा नळ्या उखडून काढल्या तेव्हां त्यांचेंच पुष्कळ शिसें सरकारजमा झालें, असें तो मोठ्या समाधानानें नमूद करतो. हें वाचीत असतां मला क्षणभर वाटलें कीं, हा मनुष्य रोमविषयीं लिहितो आहे कीं आमच्या पेठेविषयीं?

म्हणजे एकोणीसशें वर्षांपूर्वीं तोटीच्या पारखीचीं तीन अंगें एका जबाबदार अधिकाऱ्यानें लेखी ठेवलीं होतीं. धातू कठीण असावी, माप खरें असावें, आणि शिक्का असावा. चकाकीचा उल्लेख त्यांत कोठेंहि नाहीं.

शिशाविषयीं मात्र रोमन लोकांनीं आपल्याच एका शहाण्याचें ऐकलें नाहीं. फ्रॉण्टिनसच्या शंभर वर्षांहून अधिक पूर्वीं व्हिट्रुव्हियस नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञानें स्पष्ट लिहिलें होतें कीं, शिशाच्या नळीपेक्षां मातीच्या नळींतलें पाणी अधिक आरोग्यकारक. शिशाचें काम करणारे कारागीर पहा, ते कसे फिकट दिसतात! पण शिसें वांकवावयास सोपें, सांधावयास सोपें आणि त्या मानानें स्वस्त. लॅटिन भाषेंत शिशाला प्लंबम म्हणत, त्यावरूनच आपला ‘प्लंबर’ हा शब्द आला. आपल्या घरीं येणारा तो हसतमुख तरुण नांवानें अजून शिसेंवालाच आहे. ही शिशाची गोष्ट येथेंच संपत नाहीं. पुढें तिच्याकडे परत यावें लागेल.

रोमन तोटी कशी असे? पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. तेथील उत्खननांत कांशाच्या तोट्या सांपडल्या आहेत. त्यांची रचना अगदीं साधी. तोटीच्या पोटांत एक गोल खुंटी आडवी-उभी फिरते. त्या खुंटीला आरपार भोंक. भोंक नळीच्या रेषेंत आलें कीं पाणी सुरू, पाव फेरा दिला कीं बंद. ही फिरत्या खुंटीची तोटी पुढें सतराअठराशें वर्षें, मोठा फरक न होतां, जगांत चालली. तिच्यांत दोन वैगुण्यें होतीं. धातूवर धातू घांसते, मध्यें वाळूचा कण आला कीं चरा पडतो, आणि चरा पडला कीं ठिबक सुरू. मग ती खुंटी पुन्हां घांसून बसविणें हें कुशल कारागिराचें काम. दुसरें वैगुण्य याहून वाईट. पाव फेऱ्यांत पाणी एकदम अडतें. वाहतें पाणी एकाएकीं अडविलें कीं त्याचा धक्का नळीला बसतो. घरांत कोठें तरी ‘ठक्’ असा हातोड्यासारखा आवाज येतो तो हाच. पाण्याला जोर कमी होता तोंवर हें चालून गेलें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत वाफेच्या पंपांनीं दाबाचें पाणी नळांत खेळूं लागलें, तेव्हां या तोट्या गळूं लागल्या व नळ्या फुटूं लागल्या.

यावर जो तोडगा निघाला तो, माझ्या मतें, मोठमोठ्या नांवाजलेल्या शोधांच्या पंक्तींत बसण्यासारखा आहे. पण शोधकाचें नांव शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. इंग्लंडांत रॉदरॅम नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथील गेस्ट आणि क्राइम्स या पितळेच्या कारखान्यानें १८४५ सालीं स्क्रूनें दाबून बंद होणाऱ्या तोटीचें पेटंट घेतलें. तींत पाण्याच्या वाटेवर एक गोल बैठक असते. मूठ फिरवीत गेलें म्हणजे आट्यांवरून एक दांडा हळूहळू खालीं उतरतो आणि त्याच्या टोंकाची मऊ चकती त्या बैठकीवर दाबून बसते. बंद होण्यास तीनचार फेरे लागतात, म्हणून धक्का नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, घासून जाते ती फक्त चकती. सबंध तोटींत जो भाग सर्वांत स्वस्त, तोच सर्वांआधीं झिजावा, अशी ही योजना. चार आण्यांची चकती बदलली कीं तोटी पुन्हां नवी. आपण जिला साधी तोटी म्हणतों, जिचा ‘वायसर गेला’ असें म्हणतों, ती हीच. पावणेदोनशें वर्षें होऊन गेलीं तरी ती अजून बाजारांत आहे.

पाणी ठिबकून किती वायां जाणार, असें आपल्याला वाटतें. मीं एकदां वर्गांत मुलांकडून हिशेब करून घेतला होता. वीस थेंबांचा सुमारें एक मिलिलिटर धरला व सेकंदाला एक थेंब गळतो असें मानलें, तर दिवसाला सव्वाचार लिटरांच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी गटारांत जातें. एका तोटीचें! लिव्हरपूल शहराचे एंजिनिअर जॉर्ज डीकन यांनीं १८७३ सालीं यासाठीं एक यंत्र काढलें. शहर झोंपलेलें असतांना मध्यरात्रीं कोणत्या गल्लीच्या नळांतून पाणी वाहतें आहे, तें त्यावर उमटे. निजलेल्या गल्लींत वाहणारें पाणी म्हणजे गळतें पाणी, हें उघडच झालें.

आतां ही स्क्रूची तोटी आपल्या देशांत आली तेव्हांची गोष्ट. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० मध्यें नळानें आलें, पुढें १८७९ त तुळशीचें आणि १८९२ त तानशाचें. पुण्याला त्याआधीं शंभर वर्षें नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून बंद दगडी पाटानें पाणी आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडलें होतें. पण हौदाला तोटीची गरज नसते, घागर बुडविली कीं झालें. नळाच्या पाण्याला तोटी लागते, आणि तोटींत ती मऊ चकती लागते. ती चकती कशाची? त्या काळीं थंड पाण्याला चामड्याची! झालें. विहिरीचें पाणी सोंवळ्यांत काढून देवाला घालणाऱ्या घरांना हें कसें चालावें? नळाचें पाणी प्यावें कीं नाहीं, पूजेला घ्यावें कीं नाहीं, यावर घरोघर वाद झाले. कित्येक वाड्यांतून नळ आला तरी आड बुजविला गेला नाहीं.

याची मला स्वतःला आठवण आहे. मी सहासात वर्षांचा असेन. आमच्या आजोळच्या वाड्यांत नळ आला तो बराच उशीरां. आजी त्या वेळीं सत्तरीच्या पुढें. तिनें कोणाकडून तरी चामड्याची गोष्ट ऐकलेली होती. नळवाल्याला तिनें अंगणांत बसवून विचारलें, "आंत चामडें असतें म्हणतात, तें खरें का रे?" तो म्हणाला, "नाहीं आजी, आतां रबराचा असतो वायसर." त्यावर आजी म्हणाली, "तूं म्हणतोस. पण मला दाखव." त्या बिचाऱ्यानें नवी बसविलेली तोटी पुन्हां खोलून वायसर तिच्यापुढें ठेवला. आजीनें हातानें न शिवतां तो नीट निरखून पाहिला आणि विचारलें, "रबर कशाचें करतात?" झाडाच्या चिकाचें, असें मामांनीं सांगितलें. आजीनें थोडा विचार केला आणि निकाल दिला, "झाडाचा चीक ना? मग न्हाण्याला चालेल. देवाला नको." आज हें आठवलें कीं हंसूं येतें, पण तोटी घेण्यापूर्वीं ती उघडून, आंत काय आहे तें पाहणारी आमच्या सबंध घराण्यांत ती एकटीच निघाली, हेंहि खरें. मीं तेवढें केलें असतें तर शेजाऱ्यांचें छत वांचलें असतें.

पण तोटींत काय आहे यापेक्षां तोटीला कोणी हात लावावयाचा, हा प्रश्न आपल्या देशांत फार दारुण होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढें जाणें मला बरें वाटत नाहीं. पुण्यांत जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळा केला. त्यानंतर तीसबत्तीस वर्षांनीं, साताऱ्याच्या शाळेंत एक हुशार मुलगा शिकत होता. त्याला तहान लागली तर इतर मुलांप्रमाणें नळापाशीं जाऊन तोटी फिरवितां येत नसे. त्यानें तोटीला शिवावयाचें नाहीं. शाळेच्या शिपायानें ती उघडावी, तेव्हां यानें प्यावें. शिपाई नसला तर पाणी नाहीं. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आपल्या एका इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत त्यांनीं ही हकीकत लिहून ठेवली आहे. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह ते पाणी प्याले, त्याची मुळें या तोटीपाशीं पोंचतात असें मला वाटतें. मी शिक्षक झालों तेव्हां मधल्या सुटींत शाळेच्या नळावर मुलें अशी झोंबाझोंबी करीत कीं, मी छडी घेऊन त्यांना रांगेंत उभें करीत असें. तें टिपण वाचल्यावर मीं छडी नेणें सोडून दिलें. कोणाचाहि हात तोटीवर पडतो आहे, हें पाहत उभें राहणें मला आवडूं लागलें.

असो. आतां पाणी येण्याच्या वाटेकडून पाणी जाण्याच्या वाटेकडे वळतों. कारण तोटी निवडतांना आपण जेवढा विचार करतों त्याचा दशांशहि जमिनींतल्या जाळीखालच्या वस्तूचा करीत नाहीं. १५९६ सालीं इंग्लंडांत सर जॉन हॅरिंग्टन यानें पाण्यानें धुऊन निघणाऱ्या शौचकूपाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पण गटारांतली दुर्गंधी घरांत येण्याची वाट त्यांत मोकळीच होती. ती वाट अडविली ती अलेक्झांडर कमिंग यानें, १७७५ सालीं. हा धंद्यानें घड्याळजी! त्यानें नळीला इंग्रजी ‘एस्’ अक्षराप्रमाणें बांक दिला. बांकांत थोडें पाणी नेहमीं साचून राहतें. घाण पाणी त्यावरून पुढें जातें, पण वायु मागें येऊं शकत नाहीं. दाराला कुलूप नाहीं, झडप नाहीं, फक्त दोन बोटें पाणी. याच तत्त्वावर न्हाणीच्या जमिनींत जें भांडें बसवितात त्याला आपल्याकडील एंजिनिअर लोक इंग्रजी कागदपत्रांतूनहि ‘न्हाणी ट्रॅप’ असेंच म्हणतात. इंग्रजी अंदाजपत्रकांत आपला हा घरगुती शब्द असा ऐटींत बसलेला पाहून मला मोठी मौज वाटते.

त्या दोन बोटें पाण्याची किंमत काय, हें हाँगकाँगला २००३ सालीं कळलें. तेथें अमॉय गार्डन्स नांवाची उंच इमारतींची वसाहत आहे. सार्स नांवाचा श्वसनाचा घातक रोग त्या वर्षीं पसरला आणि या एकाच वसाहतींतील तीनशेंहून अधिक रहिवासी आजारी पडले, कित्येक दगावले. माणसें एकमेकांना भेटलींहि नव्हतीं, मग रोग वरच्या-खालच्या घरांत गेला कसा? चौकशींत आढळलें कीं, लोक न्हाणीघराची जमीन पाण्यानें न धुतां नुसती पुसून घेत. त्यामुळें जमिनींतील ट्रॅपमधलें पाणी सुकून गेलें होतें. वर वायु बाहेर ओढणारा पंखा चाले. पंखा चालला कीं सामाईक नळींतली दूषित हवा कोरड्या ट्रॅपवाटे घरांत ओढली जाई. म्हणून न्हाणीघर नवें करतांना ट्रॅप उथळ घेऊं नये. बांकांत निदान पन्नास मिलिमिटर पाणी राहील असा घ्यावा. गवंडी म्हणतो, फरशीखालीं जागा नाहीं, उथळ बसवूं. त्याला नाहीं म्हणावें.

आतां परत तोटीकडे, आणि माझ्या मोडक्या तुकड्याकडे. पूर्वीं तोट्या उघड्या पितळेच्या असत. चिंच-राखेनें घासाव्या लागत. पुढें त्यांवर निकेलचा मुलामा आला, आणि १९२० नंतरच्या दशकांत क्रोमियमचा. क्रोमियम कधीं काळवंडत नाहीं, म्हणून त्यानें सगळ्यांना जिंकलें. पण हा थर कागदाहून कितीतरी पातळ असतो. धातूचें खरें संरक्षण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर. आणि त्याहि खालीं काय आहे, तें चकाकी सांगत नाहीं. १९२९ सालीं अमेरिकेंत जस्तांत थोडें ॲल्युमिनियम मिसळून सांच्यांत ओतण्याजोगा एक सुबक मिश्रधातू तयार झाला. खेळणीं, कड्या, तोटीची मूठ यांना तो उत्तम. मी त्याला नांवें ठेवीत नाहीं. पण जेथें दिवसरात्र पाण्याचा दाब आणि ओल आहे त्या तोटीच्या शरीराला तो वापरला कीं आंतून कुजत जातो व एके दिवशीं मुळाशीं तुटतो. माझ्याकडे तेंच झालें.

ओळखावें कसें? पितळ पाण्याच्या सुमारें साडेआठपट जड, हा जस्ताचा मिश्रधातू सुमारें साडेसहापट. तेव्हां एकाच आकाराच्या दोन तोट्या दोन हातांत घेतल्या तर फरक जाणवतो. पण भिंती जाड ठेवून वजन वाढवितां येतें, म्हणून नुसत्या वजनावर विसंबूं नये. आट्यांच्या आंतील बाजूस, जेथें मुलामा नीट पोंचत नाहीं, तेथें डोकावून पाहावें. पिवळेपणा दिसला पाहिजे. मूठ उघडून दांडा पाहावा. आट्या खोल व स्वच्छ कापलेल्या असाव्यात. आपल्याकडे १९४७ सालीं भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिच्या ७८१ क्रमांकाच्या मानकांत अशा स्क्रूच्या तोट्यांची धातू कोणती असावी, वजन निदान किती असावें, दाबाखालीं त्या कशा तपासाव्यात, हें दिलेलें आहे. तो शिक्का तोटीच्या अंगावर उठविलेला असावा, खोक्यावर छापलेला नव्हे. शिक्केहि खोटे असतात, हें फ्रॉण्टिनसच्या काळापासून ठाऊक आहे. म्हणून पक्की पावती घ्यावी.

आणि शिसें? तें गेलें नाहीं. पितळ यंत्रावर सुबक कापलें जावें म्हणून त्यांत दोनतीन टक्के शिसें घालण्याची चाल आहे. रात्रभर तोटींत उभ्या राहिलेल्या पाण्यांत त्याचा अंश उतरतो, आणि लहान मुलांच्या मेंदूला तो अपायकारक ठरतो. अमेरिकेनें २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या तोटींत, पाण्याला लागणाऱ्या भागांत सरासरी पाव टक्क्याहून अधिक शिसें असूं नये असा कायदा अंमलांत आणला. व्हिट्रुव्हियसचें म्हणणें पटण्यास दोन हजार वर्षें लागलीं, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. न्हाण्याच्या तोटीला याची फारशी चिंता नको. पण जिचें पाणी पोटांत जातें त्या तोटीचें सकाळचें पहिलें पाणी झाडांना घालावें.

राहिली एका दांड्याची, गरम-थंड एकत्र करणारी तोटी. अमेरिकेंतील ॲल्फ्रेड मोएन या तरुणाचा हात १९३७ सालीं जुन्या दोन मुठींच्या तोटीखालीं पोळला. त्यावर विचार करीत त्यानें एका मुठीची तोटी योजिली. मध्यंतरीं महायुद्ध आलें, आणि ती बाजारांत आली १९४७ त. अलीकडच्या तोट्यांत रबराच्या चकतीऐवजीं चिनी मातीहून कितीतरी कठीण अशा दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या झिजत नाहींत, पाव फेऱ्यांत पाणी बंद होतें, ठिबक नाहीं. माझ्या मुलाचा आग्रह हिचाच होता. माझें म्हणणें एवढेंच कीं, गच्चीवरच्या टाकींतून वाळू येत असेल तर आधीं गाळणी बसवावी. आणि हिच्यांत बिघाड झाला तर चार आण्यांचा वायसर चालत नाहीं, त्याच कारखान्याचा सबंध आंतला भाग लागतो. म्हणून तो भाग दहा वर्षांनीं आपल्या गांवांत मिळेल काय, हें दुकानांत विचारावें. मीं विचारलें. एका दुकानदारानें तो कपाटांतून काढून समोर ठेवला. आम्हीं तेथेंच खरेदी केली.

शेजाऱ्यांचें छत मीं माझ्या खर्चानें रंगवून दिलें. लग्नाला चार दिवस उरले असतांना काम पुरें झालें. आमच्या न्हाणीघरांत आतां मुलाच्या पसंतीची तोटी आहे, आणि पाहुण्यांच्या न्हाणींत, जेथें पाहुणे महिनेमहिने येत नाहींत, ट्रॅप कोरडा पडूं नये म्हणून मी दर रविवारीं एक तांब्या पाणी ओततों. धुण्याच्या जागेसाठीं नवी तोटी घेतलीच नाहीं. आजोळचा वाडा पाडला तेव्हां मामांनीं अंगणांतली ती तोटी मला आठवण म्हणून दिली होती; ती पेटींत पडून होती. प्लंबरनें ती हातांत घेतली, तोलून पाहिली, आणि तिचा वायसर बदलून पांच मिनिटांत बसवून दिली. त्या कामाचे पैसे मात्र त्यानें घेतले नाहींत.